सासूबाईंना दाखवलेला समुद्र

आता हे तुम्हाला सांगू की नको? सांगतोच. चहा येईपर्यंत माझी फजिती ऐका.

साल पासष्ट-सहासष्ट असेल. मी बालाघाटच्या शाळेत मास्तर. सासूबाई लांजीकडच्या, आयुष्य धानाच्या बांधीत गेलेलं. त्यांची एकच इच्छा, मरायच्या आधी समिंदर पाहायचा. मी म्हटलं, चला! तर त्यांच्या गावच्या चार मैत्रिणीही निघाल्या. पाच म्हाताऱ्या, पाच गाठोडी आणि पुढारी मी!

गोंदिया, खडगपूर करत ओरिसात पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर पाहतो तर काय, पाणीच पाणी! पार आभाळाला टेकलेलं! गाडी एका लहानशा स्टेशनावर थांबलेली. मी ओरडलो, "समुद्र आला! उतरा!"

तिकीट पुढचं होतं. पण समुद्र दारात आल्यावर पुढे कशाला जायचं?

स्टेशनामागेच काठ. म्हाताऱ्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडले, लुगड्यांसकट डुबक्या मारल्या. मग सासूबाईंनी विचारलं, "जवाईबापू, लाटा काहून नाही जी?"

"ओहोटी आहे."

एकीने पाणी चाखलं. "इतकं काही खारं नाही लागत, बाप्पा!"

"पावसाळा नुकताच संपला ना. पातळ झालंय."

"अन् थो डोंगर कायचा दिसून राह्यला?"

"बेट आहे ते."

"लंका तं नाही?"

खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "त्याच बाजूला आहे." पाचही जणींनी तिकडे हात जोडले!

तेवढ्यात स्टेशनमास्तर तिकिटं तपासत आले. भला माणूस. "आपका टिकट तो आगे का है. यहाँ क्यों उतर गये?"

"समुद्र देखना था."

"कौन सा समुद्र?"

मी ऐटीत हात पसरला. "यह!"

त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाबूजी, यह चिलिका है. झील. लोग नाव में घूमने आते हैं. समुद्र के लिए आगे जाना पड़ेगा."

पाच ओल्या म्हाताऱ्या माझ्याकडे बघत होत्या. मी कुठे बघावं ते मला कळेना.

पुढची गाडी संध्याकाळी. स्टेशनमास्तरांनी त्यांच्या घरून भात आणि मासळीचं कालवण आणवलं, म्हाताऱ्यांची लुगडी फलाटाच्या कठड्यावर वाळत घालू दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही खरा समुद्र पाहिला. पहिली लाट पायाला लागली तशा सासूबाई रडल्या. "आता मेली तरी चालते," म्हणाल्या. ते सगळं झालं. पण माझं खरं मरण त्याआधी, त्या संध्याकाळी गाडीत चढताना झालं.

स्टेशनमास्तर निरोप द्यायला खिडकीशी आले. सहज विचारलं, "आप काम क्या करते हैं?"

"मास्टर हूँ. स्कूल में."

"अच्छा! क्या पढ़ाते हैं?"

मी क्षणात म्हणालो, "ड्रॉइंग."

सासूबाईंना जावयाचा अपमान कसा सहन होणार? खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. "नाही साब! वो लाज रहे! हमारे जवाईबापू भूगोल पढ़ाते! पूरे जिल्हे में पैला नंबर!"

स्टेशनमास्तरांनी गाडीला हिरवी झेंडी दाखवली. झेंडी थरथर हलत होती, आणि वारा तर अजिबात नव्हता.