बिनभाकरीचं ताट

दौंडच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, साफ सांगितलं की साखर खाली आल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही. एक डोळा जवळपास गेलेला, दुसरा त्याच वाटेवर. भाकरी निम्मी करा, रस्सा बंद, मासे उकडून खा, कच्च्या भाज्या भरपूर. आप्पांच्या कानात त्यातलं एकच शिरलं, रस्सा बंद. 

मासे उकडतात कसे, हे आमच्या खुटबावात विचारायची सोय नव्हती. मी मोबाइलवर शोधलं. एका गोऱ्या बाईनं पाला, अंडी, शेंगा आणि मधोमध मासा असं ताट सजवलं होतं, की वाटावं पूजा मांडली आहे. हेच अख्खं जेवण, असं ती हसत सांगत होती. तिला सासरे नसावेत.

पाला म्हणजे लेट्यूस. तो मांडवगण फराट्याला माझ्या मावसभावाच्या पॉलिहाउसमध्ये पिकतो आणि थेट पुण्याच्या हॉटेलांत जातो. त्याच्या घरात तो आजवर कोणी खाल्लेला नाही. म्हशीनंसुद्धा हुंगून सोडला, असं सांगत त्यानं मला पिशवीभर फुकट दिला. रोहू वडगाव रासाईहून आणला. रस्सा की फ्राय, मासेवाल्यानं विचारलं. उकडायचाय म्हटल्यावर त्यानं हळू आवाजात घरात कोण आजारी आहे याची चौकशी केली.

सासूबाईंच्या गळ्यात माळ, त्यामुळे आमच्याकडे मासळी मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजते. त्या नाकाला पदर लावून दाराशी उभ्या राहतात आणि तिथून सगळा स्वयंपाक चालवतात. मिरी, तमालपत्र, लिंबाची साल घातलेलं पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, उकळता कामा नये, अशी मोबाइलमधल्या बाईची ताकीद. मी आच बारीक केली की सासूबाई म्हणायच्या, गॅस संपत आला वाटतं. मासा काढल्यावर उरलेलं पाणी मी कौतुकानं आप्पांना चाखायला दिलं. ही तर आळणी, असं म्हणून त्यांनी वाटी खाली ठेवली. असलं बिनतिखटाचं पाणी आमच्याकडे लहान पोरांना आणि आजाऱ्यांना देतात.

मग ताट मांडलं. खाली पाला, कडेनं काकडी, टोमॅटो, मोडाचे मूग, अंड्याच्या फोडी, मधोमध मासा. फोटोसुद्धा काढला. आप्पा येऊन बसले आणि हात मांडीवर ठेवून बसूनच राहिले. आमच्याकडे ताटात भाकरी पडल्याशिवाय कोणी घास उचलत नाही.

"हे झालं तोंडी लावायला," ते म्हणाले. "जेवान कुठं हाय?"

हेच जेवण, म्हटल्यावर त्यांनी काकडी खाल्ली, अंडी खाल्ली, मूग चिवडले आणि मासा बोटानं हळूच कडेला सारला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. सोसायटीच्या निवडणुकीत भल्याभल्यांना पाणी पाजलेला हा माणूस मला एका माशापायी दमवत होता.

"आप्पा, तुम्हाला डोळे पाहिजेत का रस्सा?" मी तोंडावर विचारलं.

 त्यांनी दाराकडे मान वळवून सासूबाईंचा कानोसा घेतला.

"काटा दिसत न्हाई गं," ते म्हणाले. "घशात अडकंल म्हनून भ्या वाटतं. रश्श्यात भाकर कुस्करली म्हंजी कुनाला कळत न्हाई."

वर्षभर ते रस्सा ओरपायचे आणि मासा ताटात तसाच ठेवायचे. मी त्याला माज समजत होते. मला माझीच लाज वाटली. रंग जुळवून ते ताट मी कोणासाठी मांडत होते? मी ते पुढ्यात ओढलं, एकेक काटा काढला आणि मासा त्यांच्या हातात देत गेले. त्यांनी सगळा खाल्ला. हिला सांगू नको, एवढंच म्हणाले.

मी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले, तर सासूबाईंनी मागून हाक मारली. माळ घातल्यापासून मासळीला बोटही न लावलेल्या त्या बाई म्हणाल्या, "रोहू नको आनू आता. मरळ आन. तिला काटं कमी असत्यात."