मॅगझिनमध्ये बसतात किती?

फोनवरची नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. आपण फक्त हेडफोन लावून बसायचं, बाकीचं काम गिऱ्हाईक करतं!

सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात आम्ही न्यूझीलंडमधल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानाची हेल्पलाइन चालवायचो. आम्ही म्हणजे मी, सांगलीचा प्रसाद आणि आमची बॉस जॉयस, जन्मापासून सिंगापूरची. काम एवढंच, की कुठल्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला कुठलं मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा डबा, बसतं आणि त्यात काडतुसं किती मावतात, ते सांगायचं. आणि गंमत म्हणजे आमच्यापैकी एकानेही रायफल हातात धरलेली नव्हती! सिंगापुरात बंदुकीच्या नावाने कुणी विनोदसुद्धा करत नाही. त्यात मी पक्की शाकाहारी. ज्ञान सगळं चित्रं बघून मिळवलेलं.

* * *

माझ्या आईने पुण्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आमची मधुरा सिंगापूरला मॅगझिनमध्ये आहे."

झालं! शेजारच्या नलूकाकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर भलीमोठी कविता धाडली. खाली लिहिलं होतं, "तुमच्या मॅगझिनमध्ये बसेल का गं?"

प्रसादला दाखवली. तो गंभीरपणे म्हणाला, "कॅलिबर काय आहे विचार!"

मी आपलं काकूंना कळवलं, की जरा लांब होतेय. दुसऱ्या दिवशी काकूंनी निम्मी कडवी छाटून कविता परत पाठवली.

"आता घालून बघ."

* * *

सगळ्यात जास्त भांडणं 'फोर प्लस वन'वरून व्हायची. म्हणजे चार काडतुसं मॅगझिनमध्ये आणि एक वर नळीत. पण गिऱ्हाईक बेरीज करायचं आणि डब्यात पाच कोंबायला बघायचं.

जॉयसलाही ते पटायचं नाही. "व्हेअर गॉट फाइव्ह? ओन्ली फोर, लाह!"

एकदा एक शेतकरी प्रसादवर जाम भडकला. "तुम्ही लोक फसवता! पाच म्हणता आणि चार देता!"

प्रसाद शांतपणे म्हणाला, "सर, माझी आई डब्यात चार पुरणपोळ्या भरते आणि निघताना एक माझ्या तोंडात कोंबते. मी किती घेऊन निघालो?"

पलीकडे पुटपुटत मोजणी झाली. मग आवाज खाली आला. "पाच. बरोबर आहे तुझं."

प्रसादने आमच्याकडे बघून कॉलर ताठ केली.

"पण काय रे," तो माणूस म्हणाला, "हे पुरणपोळी कुठल्या रायफलला बसतं?"

* * *

प्रसाद एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, घरी निघाला होता आणि मी फोनवर त्याला एका ऑर्डरबद्दल विचारत होते. जास्त ताकदीची मॅग्नम काडतुसं जाड असतात, त्यामुळे त्याच मापाच्या मॅगझिनमध्ये ती कमी मावतात. डब्यात आजूबाजूला सगळे चिनी चेहरे, म्हणून हा मोकळेपणाने मराठीत ओरडत होता.

"अगं, साध्या गोळ्या चार जातात! पण या जाड्या तीनच! चौथी घालायला गेलं की अडकतेच!"

मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मफलर गुंडाळलेले एक आजोबा. मुलाकडे सेंगकांगला राहायला आले होते आणि एसीने गारठले होते.

"बाळा, जोर नाही करायचा," ते मायेने म्हणाले. "कोमट पाण्याबरोबर घे. सरकन जाते."

* * *

काही रायफलींचं मॅगझिन सुटं निघतच नाही. ते आत पक्कं असतं, खाली नुसतं झाकण उघडतं. अशा रायफलीसाठी एका गृहस्थांना सुटं मॅगझिन विकत हवं होतं. मी तीनदा समजावलं, "सर, तुमच्या मॉडेलचं निघत नाही."

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी शिकार करतोय. निघतं!"

"सर, रायफल रिकामी आहे ना?"

"आहे! थांब, आत्ता काढून दाखवतो."

मग खाटखूट, खाटखूट. एक शिवी. पुन्हा खाटखूट. एकदम धाडकन काहीतरी जमिनीवर आपटलं.

"बघ! निघालं की नाही?" आवाजात विजय मावत नव्हता.

"सर, हातात काय आलं?"

जमिनीवरून तुकडे गोळा केल्याचा आवाज आला.

"तुम्ही लोक," ते हळूच म्हणाले, "अख्खी रायफलपण विकता ना?"

* * *

आणि मग ग्रॅहम आला. दुकानाचा मालक, साठीचा, उंचपुरा, भुवया झाडीसारख्या. हेल्पलाइन आमच्याकडे ठेवायची की दुसरीकडे हलवायची, हे ठरवायला तो मुद्दाम सिंगापूरला आला होता. माझा आणि प्रसादचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहायचा परवानाच, याच नोकरीवर होता. प्रसादने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. काम शेवटी आमच्याकडेच राहिलं. ते कशामुळे, ते तुम्हीच ठरवा.

ग्रॅहम खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. "पुढचा फोन स्पीकरवर घे. मी नुसता ऐकणार."

फोन वाजला. एक वयस्कर बाई होत्या, आवाज अगदी गोड. त्यांनी रायफलचं मॉडेल बिनचूक सांगितलं. मी म्हटलं, "मॅडम, तिला चार काडतुसांचं मॅगझिन येतं. तेच हवंय ना?"

"नाही गं. ते आहेच. मला कमी मावणारं हवंय."

सगळ्यांना जास्त हवं असतं. कमी मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते. विचारलं, "कमी कशाला, मॅडम?"

"रायफल माझ्या नवऱ्याची. चार भरली की चारही चुकवतो. मग पुन्हा भरतो. हरणं केव्हाच घरी गेलेली असतात, हा मात्र येत नाही. मॅगझिन लहान असलं तर लवकर चुकवून होईल आणि वेळेवर जेवायला येईल. तो मीटिंगसाठी बाहेरगावी गेलाय, तोवर गुपचूप बदलून टाकते. दुकानात विचारलं तर त्याला कळेल, म्हणून तुम्हाला फोन केला."

प्रसादने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. ग्रॅहमचे कान लालबुंद झाले होते. मला वाटलं, एसी बिघडला. जॉयस माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'उत्तर दे' म्हणत होती.

"मॅडम, त्याच रायफलला बसणारं तीनचंही मॅगझिन येतं," मी म्हटलं. "तुमच्या नावावर पाठवू का?"

तेवढ्यात ग्रॅहम पुढे वाकला, घसा खाकरला आणि स्पीकरजवळ तोंड नेऊन म्हणाला, "मार्गरेट, मी इथेच बसलोय."

प्रसादच्या तोंडातला रुमाल गळून पडला. मग तोच गोड आवाज आला, पण मला उद्देशून.

"बाळ, दोनचं नाही का मिळत?"