साहेबांचा उतरलेला खांदा
चौकातल्या पुतळ्याचा डावा खांदा उतरलेला आहे तो सुडापोटी, अशी कुजबुज एके काळी साऱ्या आळीत होती. साहेब सडेफटिंग, आणि त्यांचा म्हणे शिंप्याच्या बायकोवर डोळा होता. साहेब गेले, पुतळा ठरला, मापं द्यायची वेळ शिंप्यावर आली आणि पठ्ठ्याने मेलेल्या माणसाला जन्माचं वाकडं करून ठेवलं! अशी बातमी तोंडी लावायला असली की चहा पातळ असला तरी चालतो.

चौक म्हणजे तरी काय? तीन गल्ल्या एकमेकींच्या अंगावर येतात ती जागा. आधी तिथे उकिरडा होता. साहेब वॉर्डातून निवडून आले आणि त्यांनी तो हलवला, कारण तो त्यांच्याच खिडकीखाली होता. हलवला तो थेट शाळेच्या फाटकापाशी. उभ्या आयुष्यातलं लोककार्य काय ते एवढंच. त्यावर पुतळा!

शिंप्याचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर. एक मशीन, एक आरसा, मागच्या खोलीत संसार आणि दारावर पाटी: ‘साहेबांचे खास शिंपी’. साहेबांनाही पाटीवर मिरवायला आवडायचं, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. वीस वर्षं त्या पाटीनेच त्याला पोसलं, कारण दोन्ही पाय सारखे असलेली विजार त्याच्या हातून क्वचितच सुटली. गिऱ्हाइकाने कुरकुर केली की तो म्हणायचा, “साहेबांनी कधी तक्रार केली नाही हो!” गिऱ्हाईक मुकाट पैसे मोजायचं.

मूर्तिकाराला द्यायला साहेबांचा एकच फोटो सापडला, पासपोर्टचा. गळ्याखाली साहेब कसे होते ते पुतळा समितीत कुणालाच आठवेना. सगळ्यांनी जन्मभर त्यांच्या तोंडाकडे बघूनच माना डोलावलेल्या. शेवटी चिटणीस दुकानात आले.

“मास्तर, मापं तुमच्याकडे असणारच.”

“म्हणजे काय, असणारच,” शिंपी म्हणाला, आणि त्याने खुंटीवरची टेप काढून उगाच पुन्हा अडकवली. “सकाळी वही शोधून देतो.”

पुढे पुतळ्यावरचा पडदा सरकला आणि अख्खा चौक खुसखुसला. चेहरा झकास, पण डावा खांदा असा खाली, जणू हातात न दिसणारी बादली. सुडाची कुजबुज तिथेच जन्मली. शिंप्याला ती गोडच लागली. मुद्दाम वाकडं माप दिलं म्हणजे सरळ माप ठाऊक होतं, हे ओघानंच आलं. पाटी शाबूत! बायकोच्या अब्रूचं काय, हा विचार त्या डोक्यात शिरला नाही. ती नळावर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या, हे त्याच्या कानावर होतं, तरीही नाही.

आठव्या दिवशी परगावची साहेबांची थोरली बहीण दुकानासमोर येऊन उभी राहिली. मागे सगळी आळी.

“काढा ती मापांची वही. आणि बोलवा तुमच्या मंडळींना. काय होतं ते तिच्याच तोंडून ऐकते!”

शिंप्याने पाटीकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे. एक वाक्य बोलला असता तर बायको सुटली असती आणि पाटी गेली असती. तो म्हणाला, “वही... उंदरांनी खाल्ली.”

“उंदरांनी?” बायको हात पुसत बाहेर आली. “आणि माझी अब्रू कुणी खाल्ली हो? घुशींनी?” तिने खुंटीवरची टेप ओढली. “उभे राहा. ताठ!”

“अगं, लोक बघताहेत.”

“म्हणूनच.”

तिने जमिनीपासून त्याचा उजवा खांदा मोजला, मग डावा. “दीड इंच कमी. चिटणीससाहेब, जा, त्या तुमच्या पुतळ्याचं मोजा.”

चिटणीस शिडी लावून चढले. बराच वेळ उतरेनात. मग वरूनच पुटपुटले, “दीड इंच.”

“म्हणजे रोज येता-जाता आम्ही मास्तरलाच नमस्कार घालतोय की!” चहावाला ओरडला. बहीणबाईंनी पदर तोंडाशी नेला. हसू लपवायला की रडू, ते कळलं नाही.

पाटी बायकोनेच उतरवली. पुतळा तसाच राहिला. तो बदलायचा तर आपण बावळट ठरलो, असा ठराव समितीला करावा लागला असता.

साहेबांनी त्या शिंप्याकडे कधीही, काहीही शिवलं नव्हतं. ते तयार कपडे विकत घेत. शिंप्याने मापं दिली ती स्वतःची, आणि त्याचा डावा खांदा वीस वर्षं मशीनवर वाकून उतरलेला होता.