अक्कांच्या झाडाची माळ

धुळ्यात माझे भागीदार नाना आणि मी मिळून विजेच्या माळा दुरुस्त करतो. गिऱ्हाइकांच्या फजितीचे किस्से आमच्याकडे डबाभर साठलेत, उडालेल्या बल्बांसारखे! ते मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगतो. माझे स्वतःचे मात्र डब्याच्या तळाशी दडपून ठेवलेत. आज तेच काढतो, हसा खुशाल!

*

जुन्या माळेत एक बल्ब उडाला की बठ्ठी, म्हणजे अख्खी माळ बंद. मग एक चांगला बल्ब घ्यायचा आणि एकेका होल्डरमध्ये लावून बघायचा. जिथे माळ पेटली, तिथला बल्ब खराब. साक्रीच्या गिऱ्हाइकासमोर मी तासभर पन्नास होल्डर तपासले. घाम फुटला! नाना जेवून आले, बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, बठ्ठं बरोबर शे. पिन तेवढी लाव!"

*

तेव्हापासून पिन आधी लावतो. जामनेरच्या एका बाईंची माळ दोनदा तपासली नि छातीठोकपणे सांगितलं, "ही गेली कामातून, फेका!" नानांनी दुसरा बल्ब घेतला. तिसऱ्याच होल्डरला माळ पेटली. माझ्या हातातला 'चांगला' बल्बच उडालेला! बाई म्हणाल्या, "मग इतका वेळ तुम्ही काय तपासत होते?"

*

पुढे जुन्या मापाचे बल्ब मिळेनात. मी डोकं चालवलं! सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चुरगाळून उडालेल्या बल्बाखाली कोंबला. करंट पुढे सरकतो, माळ पेटते, तीही जास्त लख्ख! शिंदखेड्याचं गिऱ्हाईक खूश, "नव्यापेक्षा भारी!"

नाना चिडले. "अरे, त्याचा भार बाकीच्या बल्बांवर पडतो. जळतील ना ते!"

"तोवर सण निघून जातो, नाना!" सांगताना लाज वाटते, पण असंच म्हणालो मी.

*

आमच्या गल्लीत अक्का राहतात, रिटायर नर्स. दर नाताळला त्यांच्या झाडावर एकच माळ असते, नवऱ्याने आणलेली. ते आता नाहीत. गेल्या वर्षी मुलगा सहा वर्षांनी घरी येणार होता. अक्का म्हणाल्या, "भाऊ, नवी नको. त्याला पप्पांचीच माळ पेटलेली दिसली पाहिजे."

पाच बल्ब उडालेले होते. मी पाचही जागी कागद कोंबला आणि तोंड वर करून सांगितलं, "अक्का, बल्ब बदलले!"

नाताळच्या संध्याकाळी गल्ली जमली. मुलाने बटण दाबलं. काय लख्ख पेटली माळ! टाळ्या पडल्या, अक्कांनी डोळे पुसले. आणि फट! सगळी माळ विझली.

मी पुढे धावलो, पण अक्कांनी पिन काढून माळ मांडीवर घेतली होती. एकेक बल्ब काढून बघायला लागल्या. एका होल्डरमधून चंदेरी कागदाचा बोळा निघाला. मग दुसरा. असे पाच निघाले, सगळ्या गल्लीदेखत! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"आई, हे काय गं?" मुलाने विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक बोळा उलगडून फांदीवर ठेवत म्हणाल्या, "चांदण्या आहेत. भाऊंनी आणल्या, लावायच्या विसरले."