गुणवत्ता यादीतल्या मुलीचं पत्र

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी पंचवटीतल्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. नववीच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात मी चार प्रश्न लिहिले होते आणि वर्षभर कुणाला पुसू दिले नव्हते. हे कोणी सांगितलं? तो तिथे होता का? त्याने ते कधी लिहिलं? आणि आपण ते खरं मानलं तर त्यात सांगणाऱ्याचा काय फायदा? मुलांनी आधी ते प्रश्न पाठ केले, कारण त्यांना वाटलं परीक्षेला येतील. मग मी सांगितलं, छापलेली कुठलीही एक गोष्ट घ्या, बातमी, जाहिरात, देवळाबाहेरची पाटी, काहीही, आणि हे प्रश्न लावून तपासून आणा; चांगलं काम शाळेच्या प्रदर्शनात लावू.

बहुतेकांनी पाठ्यपुस्तकातला एखादा उतारा सुंदर अक्षरात उतरवून आणला. एका मुलीने मात्र स्मरणशक्तीच्या टॉनिकचं पत्रक निवडलं.

ती मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातली होती. सकाळी झेंडू तोडून शाळेत यायची, त्यामुळे बोटं कायम हिरवट काळी. बोलायची कमी. ते पत्रक तिला शाळेतच, सभागृहाबाहेर पडलेलं मिळालं होतं. जानेवारीत टॉनिकवाला आला होता, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला दहावीच्या मुलांपुढे सभागृहात पूर्ण एक तास बोलू दिलं. जाताना त्याने आम्हा शिक्षकांना एकेक रेक्झिनची बॅग दिली. मीही घेतली. सगळे घेत असताना एकटीने नको म्हणणं बरं दिसणार नाही, असं मी मनाला समजावलं.

पत्रकावर पिंपळगाव बसवंतच्या एका मुलीचा फोटो होता. दहावीला ती गुणवत्ता यादीत आली होती. फोटोखाली तिचं पत्र आणि सही. ‘माझ्या बाबांनी मला हे टॉनिक आणून दिलं. तेव्हापासून एकदा वाचलेलं मी कधी विसरले नाही.’

माझ्या विद्यार्थिनीची आत्या पिंपळगावात राहायची. एका रविवारी ही एसटीने गेली आणि आत्याला घेऊन थेट त्या मुलीच्या घरी पोचली. सोमवारी मधल्या सुट्टीत तिने वही माझ्यापुढे ठेवली.

“बाई, ती चौथीत होती तेव्हाच तिचे वडील वारलेत.”

सत्कार समारंभात एका माणसाने त्या मुलीला गुच्छ दिला होता आणि अभ्यास कसा केलास ते चार ओळींत लिहून मागितलं होतं. तिने लिहिलं होतं, पहाटे उठायचे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायचे. त्यातली फक्त सही उचलून बाकीचं पत्र त्यांनी स्वतः रचलं होतं. असं कुठलंही औषध मी घेतलेलं नाही, हे तिने वहीत स्वतःच्या हाताने लिहून, खाली सही करून दिलं होतं. मी पत्रक आणि वही शेजारी शेजारी धरली. सही तीच होती.

मला पत्रातल्या वडिलांबद्दलच्या त्या वाक्याची किळस आली. मेलेल्या माणसाच्या हातात बाटली द्यायची, आणि ती लेकीच्या नावावर खपवायची.

मी वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी ती उभ्याउभ्याच चाळली.

“बाई, तुम्ही मुलांना इतिहास शिकवताय की पोलिसात भरती करताय?”

“सर, हे खोटं आपल्या सभागृहात वाटलं गेलंय.”

“जाहिरात आहे ती. जाहिरातीत थोडं इकडेतिकडे असतंच. आणि तो टॉनिकवाला संस्थेच्या चिटणीसांचा साडू आहे, हे तुम्हाला माहीत असेलच.” मग वही परत देत ते म्हणाले, “हे प्रदर्शनात लावू नका. मुलीला नीट समजावा.”

आणि मी समजावलं. आजही हे लिहिताना तोंड कडू होतं. वर्गाबाहेर बोलावून मी तिला म्हटलं, “तू छान केलंस, पण सध्या हे बाजूला ठेव. दुसरा विषय घे.”

तिने विचारलं, “बाई, चारातला कुठला प्रश्न माझा चुकला?”

तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटले.

पुढच्या रविवारी मी स्वतःच पिंपळगावला गेले. गुणवत्ता यादीतल्या मुलीची आई द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होती, नुकतीच घरी आली होती. मी शाळेचं नाव सांगितलं तेव्हा ती खाली बसलेली उठली नाही.

“तुमच्या शाळेतबी वाटलं का?” एवढंच म्हणाली. मग म्हणाली, “नाक्यावरच्या दुकानात लावलंय. मी रोज तिथूनच जाते. काढ म्हटलं त्याला, तीनदा म्हटलं. तो म्हणतो, मावशी, पोरीचं नाव होतंय, तुला काय त्रास हाय? लोक मला विचारतात, तुझा नवरा कधी परत आला.”

चहा न घेताच मी निघाले. तिने आग्रहही केला नाही.

त्याच आठवड्यात दहावीच्या पालकांची सभा होती. मुख्याध्यापक टॉनिकबद्दल चांगलं बोलले आणि खाली बसले. मी हात वर न करताच उभी राहिले, वही उघडली आणि पिंपळगावच्या मुलीने लिहून दिलेलं वाचून दाखवलं. वडिलांचंही सांगितलं.

मला वाटलं आता कोणी चिडेल, बाटल्या परत करा म्हणेल. मागून एक गृहस्थ उठले. चांगले शिकलेले, बँकेत अधिकारी.

“मॅडम, ते पत्र खोटं असेलही. पण मुलांना विश्वास वाटतोय ना? परीक्षेच्या तोंडावर तुम्ही तो कशाला मोडता?”

कितीतरी माना होकारार्थी हलल्या. सभा संपल्यावर एक आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, तुम्ही खरं बोललात. पण आणलंच आहे, तर दोनऐवजी एकच चमचा दिला तर चालेल ना?”

मी तिला काय म्हणाले ते आठवत नाही. तिथून शिक्षकांच्या खोलीत गेले. विज्ञानाचे सर, ज्यांनी त्या बाटलीत काय आहे हे सर्वांत आधी विचारायला हवं होतं, माझ्याकडे पाठ करून वह्या तपासत बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीचे वडील फाटकाशी भेटले. मोकळ्या टोपल्या स्कूटरला बांधलेल्या, मार्केटमधून तसेच आलेले. मुख्याध्यापकांनी त्यांना चिठ्ठी पाठवली होती, तुमची मुलगी शाळेबद्दल अफवा पसरवते म्हणून.

“बाई, मला वाचता येतं, पण यातलं कळत नाय. माझी पोर खोटं बोलली का?”

“नाही. ती खरं बोलली. खोटं आम्ही बोललो.”

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. “मग ठीक हाय,” म्हणाले, आणि स्कूटर सुरू केली.

जूनमध्ये त्यांनी तिचा दाखला काढून दुसऱ्या शाळेत घातलं. मला पाचवीचे वर्ग मिळाले आणि इतिहासाऐवजी कार्यानुभव. टॉनिकवाला पुढच्या जानेवारीत पुन्हा आला. या वेळी पत्रकावर नामपूरकडचा एक मुलगा होता. सभागृहात तास चालू असताना मी वरच्या मजल्यावर पाचवीच्या मुलांना कागदाची फुलं करायला शिकवत होते, आणि खालून टाळ्या ऐकू येत होत्या.