जाऊबाईंच्या नावाचा कागद

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की आजही मला तो दिवस आठवतो. चार वर्षं झाली. महिला गटातून घेतलेल्या कर्जाचे हप्ते झेपेनात, म्हणून मी आर्णीच्या एका मोफत सल्ला केंद्रात गेले होते, सोबतीला थोरल्या जाऊबाई. तिथल्या मॅडमनी माझ्या नावावरच्या कर्जांचा कागद छापला, घरखर्च विचारून हप्ते नव्याने बसवून दिले. तेवढ्यात जाऊबाई हसत म्हणाल्या, “माहाही काढा न मॅडम, पाहू त मले कोनं काय देल्लं!”  त्यांच्या नावावर मीच कर्ज उचललं होतं. रेशनकार्डाचं काम आहे सांगून अंगठा घेतला होता. प्रिंटर घरघरला. मॅडमनी कागद वाचला. “गटाचं एक कर्ज दिसतंय. तुम्हीच घेतलं ना?” जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. “हो, मीनंच घेतलं,” त्या म्हणाल्या, “आमचे दोघीचे हप्ते संगच बसवा.” परतताना एसटीत किंवा नंतरही त्यांनी तो विषय कधी काढला नाही. दोन्ही कर्जं फिटली. हे लिहिलेलं मला आधी त्यांनाच वाचून दाखवायचं आहे, आणि त्या दिवसापेक्षा आज मला जास्त भीती वाटते आहे.