पत्रकाची मागची बाजू

आमच्या घरी कागदाच्या एकाच बाजूला लिहायची पद्धत होती. बाबा स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. पाळी सुटल्यावर माणूस गेटवर चालता चालता वाचतो, पान उलटायला त्याला वेळ नसतो, असं ते म्हणत. वर अन्याय, मध्ये संताप, खाली पाच मागण्या. विहाराच्या पायरीवर ही पत्रकं दुमडतादुमडताच मी वाचायला शिकले.

नंदिनी नगरच्या एका जुन्या अतिथिगृहात मे महिन्यात आठ दिवसांचं लेखन शिबिर होतं. शेवटच्या दिवशी घरचे लोक ऐकायला येणार होते. निघताना बाबा म्हणाले, "तिकडं जाऊन फुलापानाचं नको लिहू. नाही त मी समजीन, पोरगी गेली हातची."

दुसऱ्याच दिवशी मी शिबिरात स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर लिहिलं. त्या ठेक्यावर होत्या. आम्हा सगळ्यांचं जेवण एकट्या रांधत. एक पान, पाच मागण्या, पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. उभी राहून खणखणीत वाचलं.

शिबिराची रीत मात्र वेगळीच होती. वाचून झालं की लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. वाहवा नाही, टीका नाही. उत्तर तोंडाने द्यायचं नाही, पुढच्या मजकुरात लिहून आणायचं.

"उपाशी राबतात म्हणतेस, मग सकाळी काय खाऊन येतात?"

"त्यांना इथलं काय आवडत नाही?"

माझ्या खोलीत राहणारी मुलगी प्लांटच्या वसाहतीतली, सेक्टर 2 मधली, अधिकाऱ्याच्या घरची. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सुट्टी त्यांनी मागितली, की नेताजींनी परस्पर मंजूर केली?"

सगळे हसले. मी तोंड उघडलं, तशी शिकवणाऱ्या मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

दुपारी तणतणत स्वयंपाकघरात गेले आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

"का पूछत हस, नोनी?" काय विचारतेस गं पोरी, असं म्हणत बाईंनी माझ्यापुढे लाल भाजीची जुडी टाकली. निवडता निवडता एकेक कळत गेलं. सकाळी त्या बासी खाऊन येत. रात्रभर पाण्यात भिजलेला भात, सोबत कांदा. उपाशी मुळीच नव्हत्या. सुट्टी हवी होती, पण मंगळवारची. गावचा बाजार मंगळवारी भरतो. आणि सगळ्यात जास्त हवी होती खिडकी. माकडं शिरतात म्हणून कोणीतरी ती खिळे ठोकून बंद केली होती, आणि चुलीची सगळी धग आतच कोंडायची. दोन दिवस त्याच खिडकीखाली मी ताट घेऊन उभी राहिले होते. खिळे दिसले नव्हते.

मग मला चटकच लागली. एवढं पातेलं एकट्या कशा उतरवता? भात झाला हे झाकण न उघडता कसं कळतं? आवाजावरून, त्या म्हणाल्या, आणि मला पातेल्याशी कान द्यायला लावला. पान भरलं. मी ते उलटलं आणि मागच्या बाजूला लिहीत गेले. खाली पाच मागण्या घालूनही पाहिल्या. त्या दुसऱ्याच कोणाच्या वाटल्या. खोडल्या.

शेवटच्या दिवशी बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते, खिशाला पेन लावून. मी वाचलं. टाळ्या झाल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. बाहेर कडुलिंबाखाली त्यांनी कागद मागितला आणि चष्मा लावला.

"मागण्या कुठी हायेत वं?"

"खिडकी हाये ना, बाबा."

"ते त आयकलं म्या. खाली कावून नाही लिहिली?"

 त्यांनी कागद उलटला, मागची बाजू पुन्हा सावकाश वाचली.

"खिळे किती हायेत?"

"मोजले नाही."

"मंग कायची लेखिका तू?" असं म्हणून ते तरातरा स्वयंपाकघराकडे निघाले. मी मागोमाग. बाई भांडी आवरत होत्या. बाबांनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत खिळे मोजले. इतक्या वर्षांत ते कोणाला काही सांगत नाहीत, विचारताहेत, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"जाली भीतर से लगेगी के बाहर से, बाई?"

"बाहिर ले," बाई म्हणाल्या. "बेंदरा त बाहिर ले आथे." माकडं तर बाहेरूनच येतात.

बाबांनी चौकट वितीने मोजली, पेन काढलं आणि माझ्याच कागदाच्या कोपऱ्यात माप लिहिलं.